पुढच्या वर्षी घड्याळ साखर मोजणार म्हणे!

डिसेंबर आला की भाकितांचा हंगाम सुरू होतो. राशिभविष्याच्या शेजारीच आता तंत्रज्ञानाचेही भविष्य छापून येते. पुढच्या वर्षी मनगटावरचे घड्याळ सुई न टोचता साखर सांगेल, मोबाईल निदान करेल, दवाखान्यात जायची गरजच उरणार नाही, वगैरे. ते वाचून रुग्ण मला विचारतात, "डॉक्टर, शुगर तपासायची थांबवू का? नवीन घड्याळ येतंय म्हणे." माझे उत्तर एकच आहे: थांबू नका. असे का म्हणतो, ते सांगतो.

जुनी भाकिते आठवून पाहा

२०१६ साली जेफ्री हिंटन या मोठ्या संगणकशास्त्रज्ञांनी सांगितले होते की नवे रेडिओलॉजिस्ट घडवणे आता बंद करा. पाच वर्षांत, फार तर दहा वर्षांत, ते काम संगणक अधिक चांगले करेल. याच हिंटन यांना २०२४ मध्ये नोबेल मिळाले. तरीही तुमच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टवर आजही माणसाचीच सही असते. हिंटन यांना कोणते यंत्र खपवायचे नव्हते, तरी त्यांचा अंदाज चुकला. मग ज्यांना माल खपवायचा आहे, त्यांच्या अंदाजावर किती विश्वास ठेवायचा?

अमेरिकेत थेरानोस नावाची कंपनी होती. बोटातल्या रक्ताच्या काही थेंबांत ढीगभर तपासण्या करू, असे ती सांगत असे. मोठमोठ्या लोकांनी पैसे घातले. यंत्र मात्र सांगितल्यासारखे चालतच नव्हते. जानेवारी २०२२ मध्ये कंपनीच्या संस्थापिकेला गुंतवणूकदारांच्या फसवणुकीबद्दल न्यायालयाने दोषी ठरवले. म्हणून कोणतेही भाकीत वाचताना आधी बघा, सांगणाऱ्याचे दुकान कशाचे आहे.

घड्याळाला काय कळते आणि काय कळत नाही

घड्याळाच्या मागचा हिरवा दिवा त्वचेवर प्रकाश टाकतो आणि रक्ताच्या लहरीवरून नाडी मोजतो. हे काम ते बऱ्यापैकी करते. काही घड्याळे ईसीजीही काढतात. त्यातून हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता सापडू शकते, आणि ते उपयोगी आहे. पण दवाखान्यातला ईसीजी हृदयाकडे बारा बाजूंनी पाहतो, घड्याळ एकाच बाजूने. त्यामुळे हार्ट अटॅक घड्याळाला ओळखता येत नाही. छातीत दुखत असताना "घड्याळात नॉर्मल दाखवतंय" म्हणून घरी बसणे जिवावर बेतू शकते.

साखरेचे तर विचारूच नका. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने जाहीर इशारा दिला की त्वचा न टोचता स्वतःहून साखर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला आम्ही मान्यता दिलेली नाही. दंडावर चिकटवायचा सेन्सर वेगळा. त्याची बारीक तार त्वचेखाली जाते. स्वस्तातल्या घड्याळावर दिसणारा साखरेचा आकडा पाहून इन्सुलिनचा डोस ठरवला, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.

अडचण यंत्राची नाहीच

दंडाला पट्टा बांधून बीपी मोजायचे यंत्र १८९६ सालचे आहे. सव्वाशे वर्षे उलटली, तरी आपले बीपी किती हे ठाऊक नसलेली माणसे माझ्याकडे रोज येतात. सोलापुरात विडी वळणाऱ्या बाईला हजार विड्यांमागे मजुरी मिळते. दवाखान्यात अर्धा दिवस गेला तर तेवढ्या विड्या कमी आणि तेवढे पैसे कमी. यंत्रमागावरच्या कामगाराला बरे वाटले की तो गोळी सोडतो. पूर्व भागातली तेलुगू बोलणारी किंवा अक्कलकोटकडची कन्नड बोलणारी आजी आपले दुखणे अर्धे मराठीत आणि अर्धे हातवाऱ्यांनी सांगते. यातल्या कशावर पुढच्या वर्षीचे घड्याळ उपाय करणार आहे? या भाकितांमध्ये ही माणसेच नसतात. माझा खरा राग यावर आहे.

मग तंत्रज्ञान नकोच का?

हवे, जरूर हवे. छातीचा एक्स-रे पाहून क्षयरोगाचा संशय दाखवणारी संगणक प्रणाली आज आहे. १५ वर्षांवरील लोकांच्या तपासणीत ती वापरायला जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये मान्यता दिली. मुंबईची क्यूर डॉट एआय ही कंपनी अशी प्रणाली बनवते. जिथे रेडिओलॉजिस्ट नाही, तिथे हे वरदानच आहे. पण संगणकाने संशय दाखवल्यावर थुंकी तपासायला माणूस लागतो आणि औषधांचा कोर्स पुरा होईपर्यंत रुग्णाच्या मागे लागायलाही माणूसच लागतो.

तेव्हा माझेही एक भाकीत लिहून ठेवा. पुढच्या वर्षी घड्याळे आणखी चकचकीत होतील, एक्स-रे वाचायला संगणकाची मदत वाढेल, आणि मधुमेहाने पाय व डोळे गमावणारे बहुतेक जण नवे यंत्र नव्हते म्हणून नव्हे, तर जुनी तपासणी वेळेवर केली नाही म्हणून गमावतील. हे भाकीत खोटे पाडणे तुमच्या हातात आहे.

एवढे करा

• मधुमेह असेल तर दर तीन ते सहा महिन्यांनी एचबीएवनसी ही तपासणी करा. वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा आणि पाय तपासून घ्या.
• बीपी दंडावर पट्टा बांधणाऱ्या यंत्रानेच मोजा, आधी पाच मिनिटे शांत बसून.
• छातीत दुखणे, दरदरून घाम, दम लागणे असे काही झाले तर मोबाईलला विचारत बसू नका. १०८ ला फोन करा.
• घड्याळाने किंवा ॲपने सांगितले म्हणून गोळी सुरू करू नका आणि बंदही करू नका.
• घड्याळाने ठोके अनियमित असल्याचा इशारा दिला तर घाबरू नका. तो डॉक्टरांना दाखवा.

नव्या वर्षात घड्याळ घ्यायचे तर खुशाल घ्या. पण त्याआधी साखर आणि बीपी एकदा तपासून या.