पटावर न मावणारे देह

१९७४ साली अमेरिकेत तीन पातळ पुस्तिकांचा एक खोका विक्रीस आला. नाव ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’. कर्ते गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन. टेबलाभोवती बसून, फासे टाकत, प्रत्येकाने एकेक काल्पनिक पात्र वठवायचे अशा भूमिकाखेळांची ही गंगोत्री. मानव, एल्फ, ड्वार्फ आणि हॉबिट एवढेच पर्याय तीत तपशिलाने दिले होते. (टोल्किनच्या साहित्याचे हक्क असणाऱ्यांनी आक्षेप घेतल्यावर हॉबिटचा पुढे ‘हाफलिंग’ झाला.) पण सोबत एक मुभाही होती. खेळाडूला हवा तो प्राणी होता येईल, अगदी ड्रॅगनसुद्धा. अट एवढीच की सुरुवात दुबळ्या पिलापासून व्हावी.

पाचच वर्षांत हे दार लोटले गेले. १९७९ च्या संचालक-मार्गदर्शिकेत गायगॅक्स यांनी असल्या पात्रांविरुद्ध एक स्वतंत्र टिपणच लिहिले. असे खेळाडू वेगळेपणासाठी नव्हे, तर बळाच्या लोभाने राक्षसी देह मागतात, हा त्यांचा रोख होता. तो अगदीच चुकीचा नव्हता. मात्र त्यातून एक सवय रुजली: वेगळा देह म्हणजे आधी हिशेबाची अडचण, आणि मग कधीतरी कल्पनेची संधी.

त्या सवयीचा परिणाम पाहायचा असेल तर १९९४ च्या ‘प्लेनस्केप’ या विश्वातील दोन जातींचे नशीब पाहावे. एक टीफ्लिंग: माणसासारखाच, पण रक्तात आसुरी अंश असलेला. दुसरा बॅरिऑर: कमरेपासून वर मनुष्य, खाली चार पायांचा एडक्यासारखा देह, कपाळावर शिंगे. २००८ च्या चौथ्या आवृत्तीत टीफ्लिंगला मुख्य खेळाडू-ग्रंथात मानाचे पान मिळाले आणि आज तो सर्वत्र दिसतो. बॅरिऑर २०२३ च्या नव्या ‘प्लेनस्केप’ संचात परतला तो केवळ वाटेत भेटणारा प्राणी म्हणून. खेळाडूंच्या वाट्याला तो आलाच नाही. कारण उघड आहे. टीफ्लिंग कोणत्याही खुर्चीत बसतो. बॅरिऑर आला की शिडीचे काय, अरुंद भुयाराचे काय, हे प्रश्न येतात. २०१८ मध्ये सेंटॉर खेळाडूंना खुला झाला तेव्हा त्याचा आकार माणसाएवढाच, म्हणजे ‘मध्यम’ ठरवला गेला. अर्धा घोडा, पण पटावर एका चौकोनात मावणारा! चढण्यातील अडचण तेवढी नियमात राहिली.

येथे एक गल्लत होऊ नये. गेल्या काही वर्षांत या खेळाने ‘रेस’ या संकल्पनेची झाडाझडती घेतली, आणि ती आवश्यकच होती. २०१६ च्या एका पुस्तकात ऑर्क जातीच्या पात्राची बुद्धी जन्मतः दोन अंकांनी कमी होती. संपूर्ण समूहाला मंद आणि क्रूर ठरवणारी ही मांडणी एकोणिसाव्या शतकातील वंशवर्गीकरणाच्या तक्त्यांची सख्खी भावंड आहे. वसाहतकाळाचा इतिहास वाचलेल्या कोणालाही ती ओळखू यावी. २०२० मध्ये ती वजाबाकी काढली गेली, २०२४ च्या ग्रंथात ‘रेस’ हा शब्दही जाऊन ‘स्पीशीज’ आला. उत्तम झाले. पण ‘या जातीला अक्कल कमी’ आणि ‘या जातीला झोप नाही’ ही दोन विधाने एकाच कुळीची नाहीत. पहिले पूर्वग्रह सांगते, दुसरे शरीर. पहिले पुसताना दुसरे फिकट करण्याचे कारण नव्हते, आणि नेमके तेच होत आहे.

‘थ्री-क्रीन’ हे याचे सर्वांत बोलके उदाहरण. ‘डार्क सन’ या १९९१ च्या वाळवंटी विश्वाने ही जात खेळाडूंसाठी खुली केली. प्रार्थनाकीटकासारखा देह, चार हात, अंगावर कवच. हा झोपत नाही. सोबत्यांना तो आपला कळप मानतो आणि कळपात आपली पायरी कोणती हे ठरल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. एल्फचे मांस त्याला रुचकर वाटते, ही बाब संघात एल्फ असल्यास विलक्षण रंग भरते. आणि आयुष्य जेमतेम तीस-पस्तीस वर्षांचे. शेजारी शतके जगणारा एल्फ बसलेला असताना एका मोहिमेवर दोन वर्षे खर्च करणे म्हणजे काय, हे गणित खेळाडूला रोज करावे लागते. २०२२ मध्ये थ्री-क्रीन परत आला. हात चारच आहेत, झोपही नाही, शिवाय मनाने संवाद साधण्याची शक्ती मिळाली आहे. पण त्याला कळपाची ओढ लावणारा नियम त्यात नाही.

उलट टोकाचा आदर्श ‘रुनक्वेस्ट’ या खेळात सापडतो. (त्यातील शस्त्रधारी बदकांची चेष्टा बरीच झाली, तीही पुनरागमनास पात्र आहेत.) ग्रेग स्टॅफर्ड आणि सँडी पीटरसन यांच्या १९८२ च्या ‘ट्रोलपॅक’मध्ये ‘उझ’ नावाच्या ट्रोलांना शरीर, धर्म, भूक आणि इतिहास, सारे काही मिळाले. हे ट्रोल अंधारात ध्वनीने ‘पाहतात’, जवळपास काहीही पचवतात, त्यांचा समाज मातृसत्ताक. एका प्राचीन युद्धात शत्रूने दिलेल्या शापामुळे त्यांच्या मातांना धडधाकट मुलांऐवजी खुरटी पिले होऊ लागली. त्या पिलांना स्वजनच हीन वागवतात. म्हणजे उझ खेळणे हे एका पराभूत समाजाच्या स्मृतीत उतरणे आहे. राक्षसाला अंकांऐवजी इतिहास दिला की तो राक्षस उरत नाही, हे ‘ट्रोलपॅक’ने चाळीस वर्षांपूर्वी दाखवून दिले.

मग प्रत्यक्ष राक्षसाचे काय? ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये त्या नावाचा प्राणी १९७५ पासून आहे. १९७७ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मधील चित्रात तो व्याघ्रमुखी असून पाइप ओढतो. मंत्रित बाणाने तो मरतो ही युक्ती पुराणातली नव्हे, ‘कोलचॅक’ या अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेतली. नाव तेवढे संस्कृत.

महाभारताच्या आदिपर्वात मात्र राक्षसांचे शरीरशास्त्र तयारच आहे. राक्षसी गर्भ धरते त्याच दिवशी प्रसवते आणि मूल तत्काळ तरुण होते. हिडिंबेचा घटोत्कच असाच जन्मला: घटासारखे केशहीन मस्तक, आणि बालपण नाहीच. रात्री राक्षसांचे बळ वाढते, म्हणून द्रोणपर्वातील रात्रियुद्धात त्याला पुढे केले जाते. अर्जुनासाठी राखलेली अमोघ शक्ती कर्णाला त्याच्यावर खर्च करावी लागते, आणि मरताना घटोत्कच देह प्रचंड वाढवून कौरवसेनेवर कोसळतो. बालपणाची एकही आठवण नसलेले, आईच्या कुळाचे असून बापाच्या युद्धात मरणारे हे पात्र एखाद्या खेळाडूच्या हाती द्यावे, आणि त्याला दिवसाउजेडी बोलावणाऱ्या पांडवाच्या भूमिकेत दुसऱ्याला बसवावे.