तिकिटाआधी रंगमंच

१ ऑगस्ट २००२ रोजी टपाल खात्याने लोकनाट्यकार अण्णाभाऊ साठे यांचे चार रुपयांचे तिकीट काढले. मी तेव्हा शाळकरी होतो. ते तिकीट अजून माझ्या वहीत आहे. बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्या उर्दू शाळेत मी आज शिकवतो, तिथे ती वही मुलांना दाखवली. एकाने विचारले, "सर, ये कौन?" मी सांगितले : १९४४ साली लाल बावटा कलापथक उभे राहिले, त्यात अण्णाभाऊ, द. ना. गवाणकर आणि अमर शेख हे तिघे होते. 'शेख' ऐकताच मुलाचे डोळे चमकले. "फिर उनका टिकट किधर है, सर?"

प्रश्न रास्त होता. पण तो स्टाफरूममध्ये पोहोचला आणि लगेच निवेदनाचा मसुदा तयार झाला. अमर शेखांचे तिकीट निघालेच पाहिजे! सह्या सुरू झाल्या. मी सही केली नाही. त्यावरून बरेच ऐकावे लागले, म्हणून हे लिहितो आहे.

सही करणाऱ्यांना मी एवढेच विचारले होते की, अमर शेखांचे काय वाचले? 'पहिला बळी' नावाचे त्यांचे नाटक आहे, हेही कुणाला ठाऊक नव्हते. २० ऑक्टोबर १९१६ रोजी बार्शीत जन्मलेला मेहबूब हुसेन पटेल महाराष्ट्राचा अमर शेख झाला. २०१६ साली त्यांची जन्मशताब्दी आली आणि गेली. आमच्या शाळेत त्या दिवशी काय झाले? काहीही नाही. मी तेव्हा नोकरीत होतो. या कसुरात माझाही वाटा आहे.

आपण त्यांना का विसरलो? ते मराठीत गायले म्हणून. उर्दूत गायले असते तर दरवर्षी त्यांच्या नावाने मुशायरा भरला असता. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झाले. तेव्हापासून आपण व्यासपीठावरून सांगतो की मराठी आमचीही भाषा आहे. बार्शी त्याच सोलापूर जिल्ह्यातली. पण व्यासपीठावरून उतरलो की मराठी आपल्याला फक्त पास होण्यापुरती लागते. इतरांचेही फार वेगळे नाही. संयुक्त महाराष्ट्राची लढाई सांगताना त्यांना डफ आठवतो. डफावर थाप मारणारा मुसलमान होता, हे सांगताना जीभ अडखळते. त्यांना जाब जरूर विचारू. पण स्वतःच्या घरात ज्याला जागा नाही, त्याच्यासाठी दुसऱ्याच्या दारात कोणत्या तोंडाने भांडायचे?

स्नेहसंमेलनात अण्णाभाऊंचे एखादे लोकनाट्य बसवू या, असे मी सुचवले होते. उत्तर मिळाले, "तमाशा? गण-गौळण अपने स्कूल में?" ज्यांनी हे म्हटले, त्यांनी अण्णाभाऊ उघडूनही पाहिलेले नाहीत. गणातले गणेशवंदन बाजूला ठेवून मायभूमीला आणि हुतात्म्यांना मुजरा करणारा हाच तो नाटककार! 'शेटजींचे इलेक्शन' आपल्या पोरांना कळणार नाही का? इलेक्शन काय असते, ते तर ती दर पाच वर्षांनी मोहल्ल्यात पाहतात. आणि ज्या मंचावर अण्णाभाऊंचे शब्द होते, त्याच मंचावर अमर शेखांचा आवाज होता. एकाला आत घेतले की दुसरा आपोआप येतो.

कुणाच्या स्मरणार्थ काढलेले तिकीट एकदाच छापतात. संपले की संपले. मग ते माझ्यासारख्याच्या वहीत पडून राहते. नाटक मात्र ज्या गावात पोरे उभी राहतील, त्या गावात पुन्हा जिवंत होते. त्याला दिल्लीची मंजुरी लागत नाही.

तेव्हा बांधवांनो, 'पहिला बळी' शोधून आणा. ग्रंथालये पालथी घाला. येत्या २० ऑक्टोबरला त्याचा एक प्रवेश आपल्या उर्दू शाळेतल्या पोरांकडून मराठीत करून घेऊ. दुसऱ्या दिवशी निवेदन माझ्याकडे आणा. पहिली सही मी करतो.