पंच कोणाला मानायचे?

सौदी अरेबिया आणि इराण यांचे जमले काय आणि बिनसले काय, असोद्याहून रोज जळगावच्या एमआयडीसीत डाळमिलला नाहीतर चटई कारखान्यात जाणाऱ्या माणसाला त्याचे काय? असे कोणी विचारले तर आम्ही त्याला दोष देणार नाही. पण आखातात तोफ वाजली की इकडे डिझेल चढते, रिक्षाचे भाडे चढते, गॅसची टाकी चढते. रोजी मात्र होती तिथेच राहते. म्हणून तिकडचे भांडण कोण मिटवतो आणि कशासाठी मिटवतो, हे आपल्या घरातही कळले पाहिजे.

१० मार्च २०२३ रोजी या दोन देशांनी २०१६ पासून तुटलेले संबंध पुन्हा जोडायचे ठरवले. सह्या झाल्या बीजिंगमध्ये. इराक आणि ओमानने आधी बरीच बोलणी घडवली होती. शेवटची गाठ चीनने मारली आणि नाव चीनचे झाले. चीन आखाती तेलाचे मोठे गिऱ्हाईक. मोठे गिऱ्हाईक दारात उभे असले की शेजारचे दुकानदार भांडण जरा बाजूला ठेवतात, तसलाच हा प्रकार. युक्रेनच्या युद्धावर त्याच चीनने त्याच वर्षी बारा कलमांचा कागद काढला, पण त्याने एक तोफ थांबली नाही. तिथे भांडणाऱ्यांपैकी एकजण चीनचाच दोस्त होता!

यात नवे काही नाही. १९०५ साली अमेरिका अशीच वर येत होती. रशिया-जपानचे युद्ध तिच्या अध्यक्षाने, थिओडोर रूझवेल्टने मिटवले आणि पुढच्या वर्षी शांततेचे नोबेल घेतले. त्या वेळी फिलिपाइन्स अमेरिकेच्याच मुठीत होते.

बाबासाहेब अशा शांतिदूतांना कसे पारखत, ते पाहण्यासारखे आहे. एप्रिल १९५४ मध्ये भारत-चीन करारात पंचशील आले आणि दिल्लीत मोठा उत्साह पसरला. २६ ऑगस्ट १९५४ रोजी राज्यसभेत बाबासाहेबांनी सरळ विचारले की, पंचशील हा तर बुद्धाच्या धम्माचा भाग. माओंची त्यावर श्रद्धा असती, तर त्यांनी आपल्या देशातल्या बौद्धांना वेगळ्या रीतीने वागवले नसते काय? कराराचा कागद राहू द्या, घरात कसा वागतो ते सांगा, असा तो प्रश्न होता. आमच्या मते आजही पंचाला हाच प्रश्न विचारावा. मग तो चीन असो, अमेरिका असो की आपण.

आपणही पंच झालो होतो. तेव्हा आपण महासत्ता नव्हतो, धान्यसुद्धा बाहेरून आणत होतो. जुलै १९५३ मध्ये कोरियाचे युद्ध थांबले, पण मायदेशी परतायला नकार देणाऱ्या २२ हजारांवर चिनी आणि कोरियन कैद्यांचे काय करायचे यावर घोडे अडले. दोन्ही बाजूंना चालेल असा देश निघाला भारत. आयोगाचे अध्यक्ष झाले जनरल थिमय्या आणि कैदी सांभाळणाऱ्या भारतीय फौजेचे प्रमुख मेजर जनरल शंकरराव थोरात, आपल्या कोल्हापूरकडचे. दक्षिण कोरियाच्या राष्ट्राध्यक्षाने भारतीय शिपायाचा पाय आपल्या जमिनीला लागू देणार नाही असे बजावले. तेव्हा आपली फौज जहाजावरून हेलिकॉप्टरने मधल्या निर्लष्करी पट्ट्यात उतरवावी लागली. सप्टेंबरात कैद्यांनी आपल्या एका मेजरला तारेच्या कुंपणाआड पकडून ठेवले. बाहेर बंदुका होत्या. तरी थोरात मोजक्या लोकांनिशी, हातात शस्त्र न घेता, खवळलेल्या कैद्यांत गेले आणि मेजरला जिवंत बाहेर आणले. पुढे त्यांना अशोकचक्र, वर्ग दोन, मिळाले. पण सगळेच असे गोड नाही. ऑक्टोबरात दंगा झाला, आपल्या शिपायांनी गोळी चालवली, कैदी मेले. शेवटी दोन्ही बाजूंनी भारतालाच बोल लावले. मधे पडणाऱ्याच्या वाट्याला हेच येते. कुंपणाजवळ उभे राहणारे शिपाई असतात तुमच्या-आमच्यासारख्या घरांतले.

आता पुन्हा दिल्लीत हवा आहे की भारताने जगाचे पंच व्हावे. २०२४ मध्ये आपले पंतप्रधान जुलैत मॉस्कोला आणि ऑगस्टमध्ये कीव्हला जाऊन आले. जावे, बोलावे, आम्हाला आनंदच आहे. पण स्वतःच्या भांडणात आपल्याला पंच नको असतो. १० मे २०२५ रोजी पाकिस्तानशी लढाई थांबली ती आपल्यामुळे, असे अमेरिकेच्या अध्यक्षांनी सांगितले. तिसरा कोणी मधे नव्हता, असे आपल्या सरकारने. १९६६ साली मात्र ताश्कंदला सोव्हिएत पंतप्रधान मधे होते, आणि आपले यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून तिथे हजर होते.

शेजाऱ्याशी न मिटलेल्या वादाची किंमत बाबासाहेबांनी आकड्यांत मांडली होती. ऑक्टोबर १९५१ मध्ये मंत्रिपद सोडताना केलेल्या निवेदनात त्यांनी सांगितले की, देशाचा वर्षाचा महसूल ३५० कोटी आणि त्यातले सुमारे १८० कोटी लष्करावर जातात. वेळेला धावून येईल असा मित्र आपण राखला नाही, त्याचा हा परिणाम. उरलेल्या १७० कोटींत शाळा, दवाखाने, रस्ते आणि बाकीचा सगळा देश बसवायचा होता.