सतराव्या वर्षी मिळणारे तारे

अमेरिकी फुटबॉल म्हणजे अंडाकृती चेंडू हातात घेऊन, शिरस्त्राण घालून एकमेकांवर आदळण्याचा खेळ. तिथल्या शाळांमध्ये सुमारे दहा लाख मुले तो खेळतात. त्यांतल्या निवडक मुलांना शाळा संपण्याआधीच ‘तारे’ मिळतात. खेळाडूंची क्रमवारी लावणारी संकेतस्थळे सामन्यांच्या चित्रफिती, उंची, वजन आणि धावण्याचा वेग पाहून हे तारे देतात. पाच तारे साऱ्या देशात तीसेक मुलांनाच. कोणत्या विद्यापीठाने किती तारे गोळा केले, याचीही क्रमवारी लागते.

हे सगळे थोतांड आहे, असे म्हणण्याची फॅशन आहे. पण ते खरे नाही. तारांकित मुलांचा भरणा असलेले संघ इतरांपेक्षा जास्त जिंकतात. निक सेबन यांच्या काळात अलाबामा विद्यापीठ या यादीत सतत वर राहिले आणि २००९ ते २०२० या काळात त्याने सहा राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठाचा ताऱ्यांत मागे असलेला संघ जानेवारी २०२३ मध्ये अंतिम सामन्यात पोहोचला खरा. पण तिथे जॉर्जियाने त्याला ६५-७ असे लोळवले. अपवादही आहेतच. २०२२ मध्ये टेक्सास ए अँड एमने यादीत पहिला क्रमांक पटकावला आणि त्याच हंगामात बारापैकी सात सामने गमावले.

घोटाळा होतो तो समूहाचे गणित एकट्या मुलाला लावताना. समजा, पाच तारेवाल्या ३० मुलांपैकी निम्मी पुढे चमकली, तर १५ खेळाडू झाले. तीन तारेवाली मुले १,५०० धरली आणि त्यांतला विसातला एकच चमकला, तरी ते ७५ होतात. म्हणजे तारे बरोबर असूनही बहुतेक चांगले खेळाडू कमी ताऱ्यांतूनच येतात.

शरीराचेही घड्याळ सर्वांचे सारखे नसते. एकाच वयाच्या दोन मुलांच्या हाडांच्या वाढीत दोन-तीन वर्षांचे अंतर असू शकते. चौदाव्या-पंधराव्या वर्षी जो दांडगा दिसतो, तो बऱ्याचदा फक्त लवकर वयात आलेला असतो. नजरेत मात्र तोच भरतो. मोठ्या विद्यापीठाने बोलावले की त्याचे तारे वाढतात. ताऱ्यांमुळे उत्तम प्रशिक्षक, आहार आणि चुकल्यावर दुसरी संधी मिळते. भाकीत स्वतःलाच खरे करत जाते. उशिरा वाढणाऱ्याला ही दुसरी संधी सहसा मिळत नाही.

जे. जे. वॉट हा असाच दोन ताऱ्यांचा मुलगा. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संघात तो शिष्यवृत्तीविना, स्वतःच्या खर्चाने दाखल झाला. पुढे व्यावसायिक लीगमध्ये तो तीनदा वर्षातला सर्वोत्तम बचावपटू ठरला. अशा मुलांना आत येण्यासाठी ही एक वाट होती. २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर, ती स्वीकारणाऱ्या विद्यापीठांच्या फुटबॉल संघांवर १०५ खेळाडूंची मर्यादा आली. त्यामुळे अनेक ठिकाणी पहिली कात्री लागली ती याच बिनशिष्यवृत्तीच्या मुलांना. खेळाडूंना उत्पन्नात वाटा देणारी ही तडजोड एरवी न्याय्यच. पण ज्या जागांवर अंदाजातली चूक दुरुस्त होत होती, त्याच जागा कमी करणे शहाणपणाचे नव्हे.