पैनगंगेचे दोन काठ : हिंगोलीच्या शाळा आणि राज्याची सरासरी

१/ २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची साक्षरता ८२ टक्क्यांहून थोडी अधिक भरली, हिंगोली जिल्ह्याची सुमारे ७८ टक्के. या चार टक्क्यांच्या आधारे जिल्ह्यावर ‘मागास’ असा शिक्का बसतो आणि चर्चा तिथेच संपते. या थ्रेडमध्ये एवढेच मांडायचे आहे की हा फरक समजायचा असेल, तर तुलना आधी राज्याच्या सरासरीशी नव्हे, नदीपलीकडच्या शेजाऱ्याशी केली पाहिजे.

२/ नकाशा उघडा. हिंगोलीच्या उत्तरेकडून पैनगंगा वाहते. अलीकडे मराठवाडा, पलीकडे वऱ्हाडातला वाशीम जिल्हा. दोन्ही काठांवर मराठीच बोलली जाते, शेतात कापूस आणि ज्वारी दिसते, सोयरिकीही नदी ओलांडून होतात. तरीही २०११ मध्ये वाशीमची साक्षरता ८३ टक्क्यांवर, म्हणजे राज्याच्या सरासरीच्या किंचित वरच होती.

३/ हा एका जिल्ह्याचा योगायोग नाही. त्या जनगणनेत वऱ्हाडातील पाचही जिल्हे राज्याच्या सरासरीच्या वर होते आणि मराठवाड्यातील तेव्हाचे आठही जिल्हे तिच्या खाली. इतकी स्वच्छ रेघ निसर्ग आखत नाही. ती राज्यकर्त्यांनी आखलेली असते.

४/ ही रेघ १८५३ ची. निजामाच्या खर्चाने पोसले जाणारे, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीत असलेले ‘हैदराबाद कंटिंजंट’ नावाचे सैन्य होते. त्याच्या छावण्यांपैकी एक हिंगोलीत होती. या सैन्याचा थकलेला खर्च भागवण्यासाठी निजामाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या स्वाधीन केले. ज्या फौजेची छावणी हिंगोलीत होती, तिच्याच देण्यापायी पैनगंगेचा पलीकडचा काठ वेगळ्या अमलाखाली गेला.

५/ पलीकडे इंग्रजी अंमल परोपकारासाठी आला नव्हता. त्याला वऱ्हाडचा कापूस हवा होता, म्हणून रेल्वे आली, बाजारपेठा आल्या. पण त्यांच्याबरोबर मराठी माध्यमाच्या सरकारी शाळाही आल्या. पुढे या पायावर स्थानिक माणसांनी इमारत उभी केली. पंजाबराव देशमुखांनी अमरावतीत स्थापलेली श्री शिवाजी शिक्षण संस्था ही १९३२ ची.

६/ अलीकडे चित्र निराळे होते. १८८० च्या दशकात हैदराबाद संस्थानाच्या कारभारात फारसीची जागा उर्दूने घेतली. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षण भारतीय भाषेतून दिले, हे त्या काळी धाडसाचे पाऊल होते आणि त्याचे श्रेय दिलेच पाहिजे. मात्र कळमनुरीच्या किंवा वसमतच्या शेतकऱ्याच्या मुलासाठी ती भाषाही परकीच होती.

७/ इथे एक सावधगिरी हवी. दोष उर्दूचा नाही आणि एखाद्या धर्माचाही नाही. खेड्यातला गरीब मुसलमानही तितकाच निरक्षर राहिला. दोष होता तो थोड्यांपुरत्या शिक्षणावर समाधान मानणाऱ्या राज्यव्यवस्थेचा. खासगी शाळांनाही परवानगीच्या जाचातून जावे लागे. त्यातूनही १९२१ मध्ये हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा निघाली. पुढे तिथेच शिक्षक झालेले स्वामी रामानंद तीर्थ हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते झाले.

८/ या धोरणाचा हिशेब १९५१ च्या जनगणनेत दिसतो. हैदराबाद राज्यात शंभरांत जेमतेम नऊ माणसे साक्षर होती. देशाचे प्रमाण याच्या जवळपास दुप्पट होते.

९/ साठ वर्षांनंतरही हे अंतर का उरावे? कारण शाळा भिंतींनी चालत नाही, शिक्षकाने चालते. शिकलेला तरुण शिक्षक होतो, शिकलेली आई मुलाचा अभ्यास घेते. जिथे १९४८ मध्ये शिकलेली माणसेच विरळ होती, तिथे पुढच्या पिढीचे शिक्षक कुठून येणार? २०११ मध्ये सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येक आजीचे शाळेत जाण्याचे वय निजामी राजवटीत उजाडले होते. तीही त्या टक्केवारीत मोजली गेली आहे.

१०/ आता दुसरी बाजू. मराठवाडा १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. हिंगोली स्वतंत्र जिल्हा झाला तो थेट १ मे १९९९ रोजी, परभणीतून वेगळा होऊन. तरी २०११ मध्ये साक्षरतेत तो परभणी आणि नांदेडच्याच नव्हे, दहावी-बारावीच्या निकालांसाठी गाजलेल्या लातूरच्याही पुढे होता. राज्याशी तुलना केली की मागे, समदुःखी शेजाऱ्यांशी केली की पुढे. दोन्ही विधाने खरी आहेत. मात्र जिल्ह्याने केलेले श्रम फक्त दुसऱ्या विधानात दिसतात.

११/ म्हणून इतिहासाची ढाल करायची का? मुळीच नाही. १९६० नंतरचा हिशेब निजामाच्या नावावर टाकता येत नाही. राज्यातील प्रादेशिक अनुशेष मोजणाऱ्या वि. म. दांडेकर समितीने १९८४ च्या अहवालात शिक्षणाचाही अनुशेष मोजला होता. मोजूनही जे भरून निघाले नाही, त्याची जबाबदारी आपल्याच राज्यकर्त्यांची आहे.

१२/ हा वाद जुन्या कागदांपुरता नाही. २०२३ मध्ये वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ करण्याचा विचार राज्याने पुढे आणला. पट हा आकडा राज्यभर सारखाच मोजला जातो, पण त्याचा अर्थ सारखा नसतो. शहरालगतची ओस पडलेली शाळा आणि सेनगाव तालुक्यातल्या तांड्यावरची एकमेव शाळा यांना एकाच तराजूत तोलणे म्हणजे १८५३ ची रेघ पुन्हा गिरवणे होय. शाळा दूर गेली की सर्वांत आधी मुलीची शाळा सुटते.

१३/ म्हणून माझे मत स्पष्ट आहे. सरासरी हे गरज ओळखण्याचे साधन असावे, शाळा बंद करण्याचे निमित्त नव्हे. जिथे सुरुवात उशिरा झाली, तिथे शिक्षक आधी आणि शाळा जवळ असली पाहिजे. समान न्याय म्हणजे सर्वांना समान निकष नव्हे.

१४/ इतिहासाची आवड असलेल्या तरुण वाचकांना एक विनंती. आपल्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत जा आणि मुख्याध्यापकांच्या परवानगीने सर्वांत जुनी दाखल-खारीज नोंदवही पाहा. शाळा कोणत्या वर्षी सुरू झाली आणि पहिल्या मुलीचे नाव कोणत्या वर्षी नोंदले गेले, एवढ्या दोनच गोष्टी टिपून घ्या. पैनगंगेच्या दोन्ही काठांवरून अशा नोंदी जमल्या, तर राज्याच्या सरासरीत कधीच न दिसणारा इतिहास आपल्या हाती येईल.