सही करण्याआधी



गेल्या महिन्यात बुधवारच्या बैठकीला तिघीजणी उशिरा आल्या आणि दाराशीच बसल्या. तिघी एकाच कारखान्यात पॅकिंगला. बैठक संपेपर्यंत त्या काही बोलल्या नाहीत. चहाच्या वेळी त्यांतल्या थोरलीने पर्समधून घडी घातलेला कागद काढून माझ्या हातात दिला. "ताई, यावर उद्या सही करायचीय. केली तर पीएफ आणि ग्रॅच्युइटी लगेच देतो म्हणालेत. नाही केली तर बसा फिरत म्हणाले." कागदावर एकच वाक्य टाइप केलेले होते : 'मी घरगुती अडचणींमुळे स्वखुशीने राजीनामा देत आहे.'

ते वाक्य मला पाठ आहे. २०१९ साली मी त्याच वाक्याखाली सही केली होती.

हे मी या पानावर आजवर लिहिले नव्हते, कारण लाज वाटत होती. शिबिरांमधून बायकांना 'कागद वाचल्याशिवाय अंगठा देऊ नका' म्हणून सांगणारी मी. पण एका शनिवारी दुपारी भोसरीतल्या त्या कारखान्याच्या ऑफिसात मला एकटीला बोलावले, दार लावून घेतले, आणि आठ वर्षांची नोकरी वीस मिनिटांत संपली. डोक्यात एकच विचार होता. पाच तारखेला खोलीचे भाडे द्यायचे आहे. साडेपाच हजार. घरात आई आणि शाळेत जाणारी मुलगी. आज जे देतील ते घेऊन निघावे, भांडायला आपल्याकडे वेळ नाही, असे वाटले.

नंतर हिशेब मांडला तेव्हा कळले, की सहीच्या बदल्यात मालकाने जे दिले ते आधीपासून माझेच होते. भविष्यनिर्वाह निधी माझा. ग्रॅच्युइटीही माझी, सलग पाच वर्षे भरली की ती राजीनामा दिला तरी मिळते. सही करून मी गमावले ते वेगळेच. कामगार कपातीत काढले असते तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि दर वर्षामागे १५ दिवसांचे वेतन द्यावे लागले असते. आठ वर्षांचे चार महिने आणि नोटिशीचा एक, असा पाच महिन्यांचा पगार. माझ्या १५,६०० रुपये पगाराने तो ७८,००० होतो. म्हणजे माझ्या खोलीचे चौदा महिन्यांचे भाडे मी एका सहीत मालकाला परत दिले.

कामगार विमा योजनेच्या शाखा कार्यालयातही तेच झाले. अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना २०१८ मध्ये सुरू झाली होती. तेव्हा बेकारीच्या काळात सरासरी कमाईच्या २५ टक्के रक्कम, जास्तीत जास्त ९० दिवस मिळत असे, आणि अर्ज मालकामार्फत जावा लागे. मालकाने तो पुढे पाठवलाच नाही. खिडकीवरच्या माणसाने कागद पाहून विचारले, "बाई, तुम्हीच नोकरी सोडलीत ना? मग बेकारी कसली?" त्याचे चुकले नव्हते. कागदावर तसेच होते.

या 'घरगुती अडचणीं'वर थोडे थांबायला हवे. पुरुष कामगारांकडूनही सक्तीचे राजीनामे घेतले जातात, पण बायकांच्या राजीनाम्यात हे दोन शब्द हमखास असतात, आणि कोणी शंका घेत नाही. कारण बाईची खरी जागा घरात, ती नोकरीवरून परत जाणारच, असे मालकाला वाटते, खिडकीवरच्या माणसाला वाटते आणि आपल्या घरच्यांनाही वाटते. मला घरमालकीणबाई म्हणाल्या होत्या, "बरं झालं, आता मुलीकडं लक्ष दे." आणि दुसऱ्याच वाक्यात, "भाडं मात्र पाच तारखेला हवं हं." नोकरी गेली ही घरगुती बाब, भाडे मात्र व्यवहार! ते पुढचे चार महिने मी आईच्या पाटल्या गहाण ठेवून भरले.

म्हणून या अंकात काही गोष्टी ठळकपणे सांगते. राजीनामा लिहून देऊ नका. काढायचे असेल तर त्यांनी काढावे, आणि तसे कागदावर द्यावे. दबावाखाली सही झालीच असेल, तर लगेच 'ही सही माझ्या इच्छेविरुद्ध घेतली' असे पत्र स्पीड पोस्टाने मालकाला पाठवा आणि प्रत घेऊन कामगार आयुक्त कार्यालयात जा. उशीर झाला की मालकाचे म्हणणे खरे वाटू लागते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. तीत १५ दिवसांच्या वेतनाची तरतूद कायम आहे. मात्र कपातीसाठी सरकारची पूर्वपरवानगी आता ३०० किंवा अधिक कामगार असतील तरच लागते. पूर्वी ही मर्यादा १०० होती. आपल्यातल्या बहुतेकजणी लहान कारखान्यांत आहेत, त्यामुळे आपल्यासाठी तो एक कागदच काय तो आधार.

विमा योजनेतले नियम २०२० मध्ये बदलले. रक्कम ५० टक्के झाली, अर्ज मालकामार्फत जाण्याची अट गेली, आणि नोकरी सुटल्यावर ३० दिवसांनी हक्क सांगता येऊ लागला. किमान दोन वर्षे विमा असलेली नोकरी आणि ठरावीक दिवसांची वर्गणी लागते; स्वेच्छानिवृत्तीला आणि गैरवर्तनासाठी काढलेल्यांना मदत नाही. ही योजना मुदत वाढवत वाढवत चालवली जाते, तेव्हा अर्जाआधी शाखा कार्यालयात चौकशी करा.

आणि नावे तपासा. पीएफमध्ये माहेरचे नाव, आधारवर सासरचे, बँकेत तिसरेच, अशी आपली गत असते. पुरुषाला आयुष्यभर एक नाव पुरते. आपले नाव लग्नात बदलते, आणि त्याचा दंड नोकरी गेल्यावर भरावा लागतो. नावाची दुरुस्ती नोकरी चालू असतानाच करून घ्या. नंतर मालकाच्या दारात जाणे नको.

राहिले भाडे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत करणे ही घरमालकाची जबाबदारी आहे. भाड्याची पावती मागणे हा भाडेकरूचा हक्क आहे. थकबाकीची लेखी नोटीस दिल्यावर ९० दिवस उलटल्याशिवाय त्याच्यावर खाली करण्याचा दावा लावता येत नाही, आणि पाणी किंवा वीज तोडता येत नाही. पण आपल्यापैकी बऱ्याचजणी अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर राहतात, आणि भाडेकरूचे हे पुरे संरक्षण त्यांना नाही. त्यांच्या हाती करार आणि अनामत रक्कम एवढेच. करार तुमच्या नावावर आहे की नवऱ्याच्या, हे आजच पाहा.

सरकारला हे सारे कळत नाही असे नाही. १७ एप्रिल २०२० रोजी राज्याच्या गृहनिर्माण विभागाने घरमालकांना सूचना केली होती, की किमान तीन महिने भाडेवसुली पुढे ढकला आणि भाडे थकले म्हणून कोणाला बाहेर काढू नका. महामारीत सगळ्यांची नोकरी एकदम गेली म्हणून ती निघाली. एकेकटीची गेली की सूचना निघत नाही. याच राज्याने १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा केला, आणि मागूनही काम मिळाले नाही तर बेकारभत्त्याची तरतूद केली. त्या कामांवर खडी फोडणाऱ्या आपल्याच बाया होत्या. ती हमी ग्रामीण भागापुरती राहिली. आणि घरकामगार, शिवणकाम करणाऱ्या, कंत्राटावरच्या, ज्यांच्याकडे विम्याचे कार्डच नाही, त्यांना तर मागायला खिडकीही नाही. बेकारीच्या काळात घरभाड्याला मदत, आणि असंघटित स्त्रियांना बेकारभत्ता, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे.

तोवर एक काम आपल्या हातात आहे. आपले बचत गट शेळी, शिलाई मशीन, पापड यांसाठी कर्ज देतात. भाड्यासाठी मागितले की 'हा उत्पादक खर्च नाही' म्हणतात. डोक्यावर छप्पर नसेल तर मशीन ठेवणार कुठे? आमच्या गटाने या महिन्यापासून भाड्यासाठी वेगळी भिशी सुरू केली आहे. नोकरी गेलेलीला दोन महिन्यांचे भाडे बिनव्याजी.

त्या तिघींपैकी दोघींनी सही केली नाही. त्यांचा अर्ज कामगार आयुक्तांकडे आहे, निकाल काय लागेल ते आज सांगता येत नाही. थोरलीने मात्र सही केली. तिचे दोन महिन्यांचे भाडे थकले होते आणि आमची भिशी तेव्हा सुरू झालेली नव्हती. तिला कोणी बोल लावू नये. ती परवा बैठकीला आली होती आणि तिने भिशीचे पहिले शंभर रुपये भरले.

तुमच्या गावात, तुमच्या गटात काय चालले आहे ते लिहा. कोणती सही कुठे मागितली गेली, कोणी नकार दिला, पुढे काय झाले, सगळे कळवा. पुढच्या अंकाची पाने त्यासाठी राखून ठेवली आहेत.