यकृताचा घट्टपणा मोजता येतो



देवळाली कॅम्प म्हणजे तोफखान्याचे गाव. इथे फौजी पेन्शनरांची घरे पुष्कळ. 'यकृत घट्ट झाले आहे' असे डॉक्टर म्हणाले, की घरातली माणसे गप्प होतात. शेजारीपाजारी लगेच दारूचे नाव घेतील ना! आणि रोगी स्वतः, पोटात सुई खुपसून तुकडा काढतील या धास्तीने, दवाखान्याची पायरीच चढत नाही.

आम्हांला दोन्ही गोष्टींचे वाईट वाटते. पाचवे शील कसोशीने पाळणाऱ्याचे यकृतही मधुमेहाने, लठ्ठपणाने, ब किंवा क काविळीने खराब होते. सूज वर्षानुवर्षे राहिली की आत व्रण धरतात. पोटात पाणी होईपर्यंत बहुधा काही दुखत नाही. वेळीच कळले तर कारण दूर करून हे व्रण पुष्कळदा उणावतात.

सुईने काढलेला तुकडा म्हणजे यकृताचा सुमारे 50 हजारावा भाग. शितावरून भाताची परीक्षा होते खरी, पण यकृत सगळीकडे सारखे शिजलेले नसते!

1995 साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी एमआरआयची एक नवी रीत मांडली : एमआर इलॅस्टोग्राफी. उजव्या बरगड्यांवर एक गोल चकती पट्ट्याने बांधतात. ती सेकंदाला साधारण 60 वेळा थरथरते. ही थरथर मऊ यकृतातून सावकाश जाते, घट्ट यकृतातून वेगाने. यंत्र तिची चित्रे टिपते आणि त्यांवरून घट्टपणाचा आकडा निघतो. रोग्याने काही तास उपाशी राहायचे आणि सांगितल्यावर श्वास रोखायचा, इतकेच. मात्र अंगात पेसमेकर किंवा लढाईतला छर्रा असेल तर आधीच सांगावे. चुंबकाशी गाठ आहे.

म्हणून उद्याच मुंबई गाठू नका. तपासणी महाग आहे, आणि प्रत्येक एमआरआय केंद्रात ती होत नाही. आधी साधी रक्ततपासणी. यकृताची दोन एन्झाइम्स, प्लेटलेट्स आणि वय यांवरून डॉक्टर पहिला अंदाज बांधतात. मग फायब्रोस्कॅन. त्यानेही उलगडा झाला नाही तर एमआर. रोगाचे कारणच कळत नसेल तर आजही सुई लागते. ब आणि क काविळीची तपासणी व औषधे 2018 पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात सरकारी रुग्णालयांतून मोफत मिळतात. माजी सैनिकांनी ईसीएचएसच्या दवाखान्यात विचारावे.

भगिनींनो, घरचा माणूस टाळाटाळ करील. ट्रंकेतले रक्ताचे जुने रिपोर्ट काढा आणि त्याला सोबत घेऊन जा.